अंग्लिरूवरची भाऊबंदकी: स्वतःच्याच संघाच्या लाल जर्सीला मागे का टाकले?

चढउतार (प्रश्न):
गुडघ्याच्या दुखण्यामुळे महिनाभर सायकल भिंतीला टेकवून ठेवली आहे, त्यामुळे २०२३ च्या व्हुएल्टाचे (स्पेनमधली तीन आठवड्यांची सायकल शर्यत) टप्पे पुन्हा एकदा क्रमाने पाहत बसलो होतो. १७व्या टप्प्यावर येऊन अडकलो आहे. १३ सप्टेंबर, अंग्लिरूचा चढ, सेप कुसच्या अंगावर लाल जर्सी (एकूण वेळेत पहिल्या असलेल्याची), आणि योगायोगाने त्याच दिवशी त्याचा २९वा वाढदिवस. शिखर जवळ आले असताना त्याच्याच यंबो-व्हिस्मा संघाचे प्रिमोझ रोग्लिच आणि योनास विंगेगार्ड पुढे निघून जातात आणि हा मागे पडतो. या दोघांच्या मागे कोणी प्रतिस्पर्धी लागला होता म्हणावे, तर तसेही दिसत नाही.

एकूण वेळेच्या यादीत पहिले तिघेही एकाच संघाचे असताना आपल्याच माणसाची आघाडी कमी करण्यात डावपेच म्हणून काही अर्थ होता का, की ही सरळ भाऊबंदकी होती? आणि मागच्या गाडीत बसलेले संचालक रेडिओवरून ‘थांबा’ एवढे दोन अक्षरी सांगू शकत नव्हते का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

खोगीर:
अंग्लिरूवर जे दिसले त्याचे मूळ सहाव्या टप्प्यात, म्हणजे हावालाम्ब्रेच्या वेधशाळेकडे जाणाऱ्या चढावर आहे. त्या दिवशी कुसला पुढे फुटलेल्या गटात पाठवण्यामागे त्याला विजेता करण्याचा हेतू नव्हता. मुख्य प्रतिस्पर्धी रेम्को एवेनेपूलच्या संघाला पाठलाग करायला लावून दमवावे आणि ताजे राहिलेले रोग्लिच-विंगेगार्ड नंतर वापरावेत, असा तो नेहमीचा डाव होता. कुसने टप्पा जिंकला, मोठी आघाडी मिळवली आणि आठव्या टप्प्यानंतर लाल जर्सी त्याच्याकडे आली. थोडक्यात, आमिष म्हणून सोडलेला माणूसच शर्यतीच्या अग्रभागी जाऊन बसला, आणि ‘आता आपला नेता कोण?’ हा प्रश्न संघाने उत्तर न देता तसाच पुढे ढकलला.

पुढे ढकलणे सोयीचेही होते, कारण विंगेगार्डला त्याच वर्षीच्या टूर द फ्रान्सला व्हुएल्टाची जोड द्यायची होती, तर रोग्लिचला चौथी व्हुएल्टा जिंकून रोबेर्तो हेरासच्या चार विजयांच्या विक्रमाशी बरोबरी साधायची होती. कुसचे म्हणाल तर त्याने त्या वर्षी इटलीच्या जिरो शर्यतीत रोग्लिचसाठी आणि टूरमध्ये विंगेगार्डसाठी घाटांत रक्त आटवले होते आणि ही त्याची मोसमातली तिसरी ग्रँड टूर (तीन आठवड्यांची मोठी शर्यत) होती. एकाला ‘तू नेता’ म्हटले की उरलेल्या दोघांची समजूत कोणी काढायची?

तूरमालेवर, म्हणजे १३व्या टप्प्यात, एवेनेपूल तब्बल २७ मिनिटे मागे पडला आणि संघाबाहेरचा धोका जवळजवळ संपला. माझ्या मते सगळा गुंता इथून सुरू होतो. शत्रू जिवंत असतो तोवर तीन नेते असणे ही ताकद असते, कारण एकाने हल्ला केला की प्रतिस्पर्ध्याला पाठलाग करावा लागतो आणि उरलेले दोघे त्याच्या चाकामागे आरामात बसतात. शत्रू संपला की तेच हत्यार आपल्याच घरात फिरू लागते.

१६व्या टप्प्यात बेहेसच्या चढावर विंगेगार्ड निघाला, तेव्हा लाल जर्सीतला कुस त्याचा पाठलाग करूच शकत नव्हता, कारण केला असता तर बाकीच्या संघांच्या स्वारांनाही तो फुकटात पुढे घेऊन गेला असता. तो शिस्तीने बसून राहिला आणि त्या शिस्तीची किंमत त्याने १ मिनिट ५ सेकंद अधिक विजेत्याचे १० बोनस सेकंद (टप्प्यातल्या पहिल्या तिघांच्या एकूण वेळेतून वजा होतात ते) अशी मोजली. १ मिनिट ४४ सेकंदांची आघाडी त्या एका संध्याकाळी २९ सेकंदांवर आली. नियम मोडला कोणीच नाही. पण तो नियम नेमका ज्याच्या अंगावर जर्सी होती त्यालाच बांधून ठेवत होता, आणि हे गाडीत बसलेल्यांना कळत नव्हते यावर माझा विश्वास नाही.

सिंहगड सकाळी सहा:
डावपेचांत मी पडत नाही, पण चढाबद्दल थोडे लिहितो, कारण ‘मित्राने थांबून कुसला आडोसा द्यायला हवा होता’ असे अनेक जण सहज म्हणून जातात. सपाटीवर चाळीसच्या वेगाने जाताना पुढच्याच्या चाकामागे बसले की वारा तो कापतो आणि मागच्याचे कष्ट भरपूर वाचतात. अंग्लिरूवर ‘कुएन्या लेस काब्रेस’ नावाचा तुकडा साडेतेवीस टक्क्यांपर्यंत जातो आणि तिथे वाऱ्याशी भांडण उरतच नाही. तिथे फक्त तुमचे वजन आणि तुमचे पाय असतात. सिंहगडाच्या वळणांवर मी अनेकदा माझ्याहून दणकट मित्राच्या मागे चिकटून पाहिले आहे. त्याच्या मागच्या चाकाकडे टक लावून बसल्याने मनाला आधार मिळतो, मांड्यांना मिळत नाही.

तरीही त्या दिवशी कुसला चाक मिळाले, आणि तेही परक्या संघाच्या मिकेल लांडाचे. शिखराजवळ तो रस्ता बराच सपाट होतो आणि तिथे मात्र आडोशाला मोल असते. लांडाच्या मागे राहून कुस तिसरा आला, रोग्लिच आणि विंगेगार्डच्या १९ सेकंद मागे. तिसऱ्या क्रमांकाचे ४ बोनस सेकंद धरून विंगेगार्डवर त्याची आघाडी उरली ८ सेकंद. लांडाने ते चार सेकंद स्वतः घेतले असते तर ती ४ सेकंद उरली असती. घरच्यांनी सोडले आणि शेजाऱ्याने हात दिला, असा तो प्रकार.

१९८६चा साक्षीदार:
खोगीर यांचे विश्लेषण पटते, पण ‘संघाने उत्तर द्यायला हवे होते’ हा त्यांचा सूर मला तितकासा पटत नाही. उत्तर आधी ठरवून ठेवल्याने भांडण टळते असे इतिहास सांगत नाही. १९८५ च्या टूरमध्ये ला व्ही क्लेर संघात बर्नार्ड इनो हा निर्विवाद नेता होता. लूझ आर्दिदेनच्या चढावर तो, नाकाचे हाड मोडलेल्या अवस्थेत, मागे पडला असताना ग्रेग लेमाँड पुढे होता, आणि गाडीतून त्याला जोर न लावण्याचा आदेश मिळाला. इनो किती मागे आहे हे आपल्याला खरे सांगितले गेले नाही, अशी लेमाँडची तक्रार पुढे कायम राहिली. लेमाँडने आदेश पाळला. इनोने पाचवी टूर १ मिनिट ४२ सेकंदांनी जिंकली आणि ‘पुढच्या वर्षी मी तुझ्यासाठी राबेन’ असा शब्द दिला.

पुढच्या वर्षी नेता ठरलेला, शब्द जाहीर, आणि तरी पोच्या टप्प्यात इनो निघून गेला तो पाच मिनिटांहून अधिक आघाडी घेऊनच. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा हल्ला केला, सुपरबान्येरच्या चढावर मोडला, आणि लेमाँडने जवळपास सगळी वेळ परत मिळवली. आल्प द्युएझवर दोघांनी हातात हात घालून रेषा ओलांडली. त्या छायाचित्रात दोघेही हसत आहेत. त्यानंतरही इनोच्या मते शर्यत संपलेली नव्हती. ‘मी प्रतिस्पर्ध्यांना दमवत होतो, ते लेमाँडसाठीच’ हे त्याचे स्पष्टीकरण मला आजही चलाख वाटते, कारण ते पूर्ण खोटे ठरवता येत नाही. लेमाँड ३ मिनिटे १० सेकंदांनी जिंकला.

२०१२ च्या टूरमध्ये स्काय संघात उलट झाले. ला तूसुइरच्या चढावर क्रिस फ्रूमने वेग वाढवला, संघाचा नेता ब्रॅडली विगिन्स मागे पडला, रेडिओवरून आदेश आला आणि फ्रूम मुकाट्याने थांबला. शिस्त टिकली, विगिन्स जिंकला, पण दोघांमधला कडवटपणा पुढे लपून राहिला नाही. मग कुसच्या वेळी तिघांना मोकळे सोडणे हे निदान प्रामाणिक तरी होते, असे मी म्हणेन.

खोगीर:
मोकळीक प्रामाणिक होती हे मान्य, पण ती तिघांना सारखी नव्हती, एवढेच माझे म्हणणे. मागे असलेल्याला हल्ल्याची मुभा आणि पुढे असलेल्याला पाठलागाची बंदी, याला मी मोकळीक म्हणणार नाही.

चढउतार:
सर्वांचे आभार. शेवटी एकच शंका राहते. अंतिम यादीत कुस विंगेगार्डच्या १७ सेकंद पुढे आहे, मग अंग्लिरूनंतरच्या ८ सेकंदांचे १७ कसे झाले?

खोगीर:
अंग्लिरूनंतर चाहत्यांचा रोष उसळला आणि संघाने अखेर ठरवले की शर्यत कुसची. दुसऱ्याच दिवशी, ला क्रूझ दे लिनारेसच्या चढावर एवेनेपूलने टप्पा जिंकला आणि विंगेगार्ड कुसपेक्षा ९ सेकंद उशिरा पोहोचला. रोग्लिचचे १ मिनिट ८ सेकंदांचे अंतर मात्र माद्रिदपर्यंत जसेच्या तसे राहिले. ते ९ सेकंद विंगेगार्डने सोडले की त्याचे गेले, हे शर्यतीच्या आकड्यांवरून ओळखता येत नाही; मला ते सोडल्यासारखे दिसतात. चौथा आलेला हुआन आयुसो ३ मिनिटे १८ सेकंद मागे होता, त्यामुळे त्यात धोकाही नव्हता. पुढच्या मोसमात रोग्लिच बोरा संघाकडे गेला आणि चौथी व्हुएल्टा त्याने तिथे जाऊन जिंकली.

गुडघा बरा झाला की आधी सपाटीवरच चालवा.