घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि वाचनात अडखळणारा मुलगा: दोष नेमका कशाचा?

पारोळा तालुक्यातील एक आई

माझा मुलगा गावातील शाळेत चौथीत शिकतो. कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी काट्याजवळ उभा राहून तो बायांच्या गाठोड्यांचे किलो तोंडी जोडतो आणि त्याचा हिशेब आजवर चुकलेला नाही. तोच मुलगा पुस्तकातील चार ओळी वाचताना घामाघूम होतो. ‘घर’चे ‘धर’ वाचतो, फळ्यावरून उतरवून घेताना मधली ओळ गाळतो आणि ‘शाळा’ हा शब्द दर वेळी ‘शाया’ असाच लिहितो. गेल्या आठवड्यात वर्गशिक्षकांनी मला बोलावून सांगितले की, हा मुलगा येथे शिकू शकणार नाही, त्याला विशेष शाळेत घाला. घरात आम्ही सगळे अहिराणी बोलतो, त्यामुळेच तो मागे पडला, असे त्याच्या आजीचे म्हणणे आहे. खरे कारण कसे ओळखावे, आणि शाळा त्याला असे काढू शकते का?

विशेष शिक्षक, चाळीसगाव

ताई, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो. शाळा त्याला काढू शकत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश असून विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणारी अडचण, त्यांपैकी एक आहे. मुलांमधील ही अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून शिकवण्याच्या पद्धतीत योग्य ते बदल करावेत, अशी अपेक्षा त्याच अधिनियमाच्या कलम १६ मध्ये अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांकडून केलेली आहे. तोंडी हिशेब बिनचूक करणाऱ्या मुलाला विशेष शाळेत पाठवण्याचा सल्ला मला तर घाईचा वाटतो.

आता पहिला प्रश्न. आपण सांगितलेल्या चुका दोन वेगळ्या जातींच्या आहेत. अहिराणीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. डोळ्याला आपण डोया म्हणतो, केळ्याला केयं. ‘शाया’ म्हणणारा मुलगा ‘शाया’ लिहितो, तेव्हा त्याने ऐकलेला आवाज अक्षरात बरोबर उतरवलेला असतो. ती चूक प्रमाण मराठीच्या मापाने चूक आहे, वाचनदोषाच्या मापाने नाही. ‘पाणी’चे ‘पानी’ होते तेही असेच. मात्र ‘घ’ आणि ‘ध’ यांची अदलाबदल आणि ओळ गाळणे यांचा अहिराणीशी काही संबंध नाही.

घरीच एक गोष्ट करून पाहा. त्याच्या रोजच्या बोलण्यातील चार-पाच अहिराणी वाक्ये, ‘मी शायामा जास’ यांसारखी, मोठ्या अक्षरांत लिहून त्याला वाचायला द्या. ती सहज वाचली, तर अडचण बहुतेक भाषेची आहे. तेथेही तसाच अडखळला, तर आजींचे म्हणणे बाजूला ठेवावे लागेल. हे निदान नव्हे, पण पुढे कोणत्या दाराशी जायचे ते त्यातून कळते. डोळे आणि कान मात्र आधी तपासून घ्या; राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्याची वाट न पाहता ग्रामीण रुग्णालयात गेलात तरी चालेल. त्यानंतर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन गटसाधन केंद्रातील (शिक्षण विभागाचे तालुक्याचे केंद्र) विशेष शिक्षकांकडून तपासणी करून मागा आणि अर्जाची पोच जपून ठेवा.

धुळ्यातील एक वडील

आमच्या मुलीला हीच अडचण होती आणि आम्ही ती सातवीपर्यंत आळस समजत राहिलो, हे सांगताना आजही वाईट वाटते. अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी तीन चकरा झाल्या, कागद अपुरे म्हणून दोनदा परत पाठवले गेले. तरीही ते घ्यावे. दहावीला तिला प्रत्येक तासामागे २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळाला आणि खालच्या इयत्तेतील लेखनिकही मिळाला. सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जातो, त्यामुळे शाळेशी भांडण करून चालत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

जिल्हा परिषद शिक्षक, धडगाव परिसर

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, परंतु एक गोष्ट राहून गेली. आमच्या दोनशिक्षकी शाळेत मुले घरी पावरी किंवा भिलोरी या आदिवासी बोली बोलतात. पाठ्यपुस्तकाचे मराठी हीच ज्यांची दुसरी भाषा आहे, त्यांची चाचणी त्याच मराठीत घेतली, तर निम्मा वर्ग अक्षम ठरेल. म्हणून ताई, तपासणीच्या वेळी घरची भाषा अहिराणी आहे, हे आपण स्वतःहून सांगा. पुष्कळदा तसे कोणी विचारत नाही.

शिवाय प्रमाणपत्र येईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या डोक्यावरची रेघ तुटलेली असते, ‘घ’ आणि ‘म’ यांची सलग असते. मी मुलांना ताटात ज्वारीचे पीठ पसरून आधी ती रेघच ओढायला लावतो. रेघ कोठे थांबते ते बोटाला कळले की डोळ्याला कळायला फार दिवस लागत नाहीत. वाचताना ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी सरकवत न्यावी. सर्व वर्गासमोर त्याला मोठ्याने वाचायला उभे करू नये, उत्तरे तोंडी घ्यावीत. एकट्या शिक्षकाला चाळीस मुलांत हे रोज जमत नाही, हे मी नाकारत नाही. पण पट्टीला वेळ लागत नाही.

पारोळा तालुक्यातील एक आई

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. काल रात्री पाच वाक्ये लिहून दिली. ‘शाया’ हा शब्द त्याने क्षणात ओळखला आणि हसला, कारण पुस्तकात त्याला तो कधी भेटला नव्हता. पण ‘मी घर जास’ हे वाक्य त्याने ‘मी धर साज’ असे वाचले. आजी शेजारीच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, उठून पिठाचा डबा घेऊन आल्या. सोमवारी ती पाचही वाक्ये आणि अर्जाच्या दोन प्रती घेऊन मी मुख्याध्यापकांकडे जाणार आहे.