मदत हवी आहे: कॅनडाच्या ईटीएशिवाय कोण जाऊ शकतं? (एकाच घरात तीन देशांचे पासपोर्ट)

अर्धाकप:

नमस्कार मंडळी,

जुलैत सगळ्या कुटुंबाने टोरांटोत जमायचं घाटतंय. आम्ही न्यू जर्सीहून विमानाने, ताई-दाजी लंडनहून. चार दिवस तिथे राहून, नायगारा बघून, मग मोठी गाडी भाड्याने घेऊन सगळ्यांनीच न्यू जर्सीला यायचं. तिकिटं काढायला बसलो आणि 'कॅनडाचा ईटीए घेतला आहे का?' या प्रश्नापाशी घोडं अडलं. आमच्या घरात कुणाचेच कागद दुसऱ्यासारखे नाहीत.

माझा पासपोर्ट भारतीय, सोबत अमेरिकेचं ग्रीन कार्ड. बायको अमेरिकन नागरिक झाली आहे, तिच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) आहे. मुलगा नऊ वर्षांचा, जन्मानेच अमेरिकन. आई सध्या आमच्याकडे आहे. भारतीय पासपोर्ट आणि अमेरिकेचा दहा वर्षांचा बी-१/बी-२ म्हणजे पाहुण्यांचा व्हिसा. ताईचाही पासपोर्ट भारतीयच, पण ब्रिटनमध्ये आयएलआर म्हणजे कायम राहण्याची परवानगी आहे, शिवाय अमेरिकेचा व्हिसा आहे. दाजी आणि आठ वर्षांची भाची दोघंही ब्रिटिश पासपोर्टवर.

यांतल्या कुणाला ईटीए लागेल आणि कुणाला नाही? नेटवर वाचावं तितका गोंधळ वाढतोय. कुणी नुकतं जाऊन आलं असेल तर कृपया सांगा.

रानवाट:

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, म्हणजे निम्मा गोंधळ मिटेल. 'ईटीए लागत नाही' याचा अर्थ 'काहीच लागत नाही' असा होत नाही. ईटीए म्हणजे ज्यांना कॅनडाचा व्हिसा माफ आहे अशा देशांच्या नागरिकांनी विमानाने येण्याआधी घ्यायची ती ऑनलाइन परवानगी. २०१६ पासून ती सक्तीची झाली. आता ती न लागणारे लोक दोन टोकांचे आहेत. काहींना खरोखरच मोकळी वाट आहे, आणि काहींना ईटीए नको कारण त्यांना थेट व्हिसाच हवा. तुमच्या घरात दोन्ही टोकं आहेत.

तुमची बायको आणि मुलगा: अमेरिकन नागरिकांना ईटीए माफ. विमानाने जाताना अमेरिकन पासपोर्ट जवळ हवा, बस. ओसीआयचा इथे काही संबंध नाही.

तुम्ही: ग्रीन कार्डवाल्यांनाही ईटीए माफ, व्हिसाही माफ. मात्र वैध भारतीय पासपोर्ट आणि वैध ग्रीन कार्ड दोन्ही दाखवावं लागतं. नुसतं कार्ड खिशात टाकून निघालात तर विमानतळावरूनच परत फिराल.

दाजी: यांना ईटीए लागेल. सात कॅनेडियन डॉलर, पाच वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, जे आधी येईल ते. बहुतेकांना काही मिनिटांत ईमेल येतो, पण कधी कधी जास्तीचे कागद मागतात आणि मग काही दिवस जातात, तेव्हा तिकिटाच्या आदल्या रात्रीवर ठेवू नका. अर्ज कॅनडा सरकारच्याच संकेतस्थळावर करा. सर्चमध्ये वर वर जे दिसतात ते बरेचदा मधले दलाल असतात, सात डॉलरच्या कामाचे कितीतरी पट घेतात.

आई आणि ताई: दोघींना व्हिसा. इथे पळवाट नाही.

तिरफळ:

रानवाट, ग्रीन कार्डाबद्दल तुमचं चुकतंय असं वाटतं. आम्ही २०१९ मध्ये व्हँकूवरला गेलो तेव्हा नवऱ्याचा ईटीए काढला होता. ग्रीन कार्ड असूनही काउंटरवर मागितला होता.

रानवाट:

तेव्हा लागतच होता. २६ एप्रिल २०२२ पासून ग्रीन कार्डधारकांना तो माफ झाला. जुन्या ब्लॉगांवर आणि यूट्यूबवर अजून तुमच्या वेळचाच नियम फिरतोय, त्यामुळे लोक गोंधळतात. एक लक्षात घ्या, ही सवलत फक्त *अमेरिकेच्या* ग्रीन कार्डाला आहे. ब्रिटनचा आयएलआर, युरोपातलं कायम वास्तव्य, आखातातला रहिवासी परवाना, यांना कॅनडाच्या दारात काही वजन नाही. म्हणून ताईला व्हिसा.

अर्धाकप:

खूप आभार. पण आईबद्दल अजून शंका आहे. ऑफिसातला एक फिलिपिनो सहकारी अमेरिकेच्या व्हिसावर राहतो, आणि तो कॅनडाला नुसत्या ईटीएवर जाऊन आला. आईकडेही अमेरिकेचा व्हिसा आहेच की. मग तिला का नाही?

पाचूबंदर:

कारण सहकाऱ्याचा पासपोर्ट फिलिपिन्सचा आहे आणि आईंचा भारताचा. जून २०२३ मध्ये कॅनडाने १३ देशांच्या नागरिकांना अशी सवलत दिली: फिलिपिन्स, थायलंड, अर्जेंटिना, मोरोक्को, कोस्टा रिका वगैरे. त्यांच्याकडे अमेरिकेचा वैध व्हिसा असेल, किंवा मागच्या दहा वर्षांत कॅनडाचा व्हिसा मिळालेला असेल, तर व्हिसाऐवजी ईटीए चालतो. तोही फक्त विमानाने. तोच सहकारी उद्या गाडीने अमेरिकेतल्या बफेलोहून पूल ओलांडायला गेला तर त्याला व्हिसा लागेल. भारत त्या यादीत नाही.

मजा बघा, दाजींसाठी नियम बरोबर उलटा आहे. व्हिसामाफ देशाचा माणूस रस्त्याने आला तर ईटीए लागत नाही, विमानाने आला तरच लागतो.

रानवाट:

आईंचा अर्ज त्या अमेरिकेत असतानाच ऑनलाइन करता येईल. व्हिसाचे १०० आणि बोटांचे ठसे-फोटोचे ८५ कॅनेडियन डॉलर. ठसे अमेरिकेतच, यूएससीआयएसच्या (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या) केंद्रात देता येतात. वय ७९ च्या पुढे असेल तर ठसे माफ. मंजुरी आली की पासपोर्ट व्हिसा चिकटवायला पाठवावा लागतो, त्या काळात आईंकडे पासपोर्ट नसेल हे धरून चाला. आणि परतीसाठी त्यांचा आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद) तपासा: मुक्कामाची तारीख जुलैच्या पुढची आहे ना?

जुलैसाठी हे सगळं आजच सुरू करा. उशीर झालाच तर नायगाराच्या अमेरिकन बाजूने आईंना धबधबा बघायला कुणाचीच परवानगी नको. समोरून दिसणारं रूप कॅनडाच्या बाजूने जास्त चांगलं, हे खरं, पण बोट दोन्हीकडून सुटते.

खिडकीवाली:

एक विचारू? भाचीचा जन्म कुठला? तुम्ही सगळ्यांचं सांगितलंत, तिचं नुसतं 'ब्रिटिश पासपोर्ट' म्हणालात.

अर्धाकप:

मिसिसॉगा, टोरांटोच्या शेजारीच. दाजींची तेव्हा तिकडे नोकरी होती. ती दीड वर्षाची असताना लंडनला परत गेले. का बरं?

खिडकीवाली:

वाटलंच! मग तुमच्या घरात सगळ्यात अवघड कागद तिचाच आहे. कॅनडाच्या भूमीवर जन्मलेलं मूल कॅनडाचं नागरिक असतं (परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांची मुलं सोडून). आणि कॅनडाच्या नागरिकाला ईटीए मिळत नाही. दाजी तिच्या ब्रिटिश पासपोर्टवर ईटीए भरायला बसले तर तिथेच अडकतील, आणि ईटीए नाही म्हणून विमान कंपनी तिला चढू देणार नाही. विमानाने यायचं तर तिला कॅनडाचा पासपोर्टच हवा. दुहेरी नागरिकत्वाला यातून एकच ठळक अपवाद आहे: कॅनेडियन-अमेरिकन असेल तर अमेरिकन पासपोर्टवर चालतं. कॅनेडियन-ब्रिटिशला नाही.

माझ्या चुलतभावाच्या मुलाचं असंच झालं होतं, म्हणून विचारलं. आईवडिलांना वाटत असतं की आपण नोकरीपुरते गेलो होतो, नागरिकत्वाचा अर्ज कधी केला नाही, तर मूल कॅनेडियन कसं? पण अर्ज लागतच नाही. जन्मदाखला हाच पुरावा.

अर्धाकप:

अरे देवा. ताईला आत्ताच फोन केला. म्हणाली, जन्मल्यावर कॅनडाचा पासपोर्ट काढला होता, पण पाच वर्षांनी संपला तो नंतर केलाच नाही. ओंटारिओचा जन्मदाखला फाइलीत आहे.

खिडकीवाली:

मग अर्धं काम झालंय. लंडनहून नवीन पासपोर्टचा अर्ज करायला सांगा, वेळ आहे. आणि अगदीच वेळेत आला नाही तर एक आपत्कालीन सोय आहे. व्हिसामाफ देशाचा पासपोर्ट असलेल्या दुहेरी नागरिकांना एकवेळची 'विशेष परवानगी' मागता येते. पूर्वी कॅनडाचा पासपोर्ट मिळालेला असेल तर ती मागता येते, म्हणजे भाची बसते त्यात. विमान दहा दिवसांच्या आत असेल तेव्हाच अर्ज घेतात. भरवशाची योजना म्हणून मात्र हे धरू नका.

पाचूबंदर:

परतीचं कुणी बोललंच नाही. टोरांटोहून गाडीने न्यू जर्सी म्हणजे अमेरिकेत प्रवेश, आणि तिथे वेगळा हिशोब. दाजींना अमेरिकेचा ईस्टा, म्हणजे तिकडची ईटीएसारखी ऑनलाइन परवानगी, लागेल. पूर्वी रस्त्याने येणाऱ्यांना तो नको होता, २०२२ पासून रस्त्यावरही सक्तीचा आहे. नायगाराच्या पुलावर रांगेत उभं राहून फोनवर भरायची गोष्ट नाही ती. ताईचा अमेरिकेचा व्हिसा आहे, ती सुटली.

भाचीला कॅनडाचा पासपोर्ट आला तर ईस्टाही नको, कॅनडाच्या नागरिकांना तो लागत नाही. सगळ्यात अवघड कागद तिचा, आणि एकदा आला की सगळ्यात सोपा प्रवासही तिचाच!

सायंतारा:

धागा वाचतेय, माझाही प्रश्न घुसडते. मी अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, ग्रीन कार्डासाठी कंपनीने भरलेला आय-१४० अर्ज मंजूर आहे. मला चालेल का व्हिसाशिवाय?

रानवाट:

नाही. आय-१४० मंजूर होणं म्हणजे रांगेत नाव लागणं, कायम वास्तव्य नव्हे. कार्ड हातात येईपर्यंत भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागणार. नुसतं टोरांटोत विमान बदलून पुढे जायचं असलं तरी ट्रान्झिट व्हिसा लागतो, तो फुकट असतो इतकंच.

तिरफळ:

अवांतर: माफीच्या यादीत ब्रिटिश राजघराणंही आहे. राजा तर कॅनडाचाच राजा, त्याच्याकडे काय मागणार म्हणा. शिवाय विमानाचे कर्मचारी, विमान अपघाताची चौकशी करणारे, आणि सेंट पिएर आणि मिकेलॉन या शेजारच्या चिमुकल्या फ्रेंच बेटांवर राहणारे आणि तिथून थेट येणारे फ्रेंच नागरिक. दाजींची त्यातल्या कशात वर्णी लागतेय का बघा.

अर्धाकप:

दाजींना विचारलं, राजघराण्याशी नातं सापडलं नाही. सात डॉलर भरतायत.

आजची स्थिती अशी: भाचीच्या पासपोर्टचा अर्ज ताई या आठवड्यात करतेय. आईचा अर्ज मी काल रात्री भरून टाकला. ताईचा व्हिसा अर्जही सोबतच. ती कॅनडात असताना ठसे दिले होते, ते दहा वर्षं चालतात म्हणे, म्हणून ती तारीख शोधतेय.

शेवटचा प्रश्न. ताईचा व्हिसा उशिरा आला आणि दाजी भाचीला घेऊन पुढे आले, तर काही अडचण?

खिडकीवाली:

अडचण नाही, पण ताईचं सही केलेलं संमतीपत्र दाजींकडे असू द्या: मुलीचं नाव, प्रवासाच्या तारखा, टोरांटोतला पत्ता, आणि ताईचा असा फोन जो त्या दिवशी नक्की उचलला जाईल. नोटरी केलेलं असेल तर उत्तम. कायद्याने बंधनकारक नाही, पण एका पालकासोबत लहान मूल दिसलं की अधिकारी विचारू शकतात. जन्मदाखल्याची प्रत त्याच पाकिटात ठेवा. आणि ताईच्या जुन्या ठशांची मुदत तपासायला कॅनडाच्या इमिग्रेशन संकेतस्थळावर सोय आहे, तिथे बघितलंत तर फाइली उपसायला नकोत.