मदत हवी आहे: केटी लागलीय, मेजरही बदलायचाय, विचारायचं कोणाला?

नमस्कार मंडळी. भाची रत्नागिरीत बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घर राजापूरकडच्या खेड्यात. गणितात केटी लागलीय (म्हणजे पेपर राहिलाय, पुन्हा द्यायचा) आणि आता तिला मेजर, म्हणजे मुख्य विषय, बदलून वनस्पतिशास्त्र घ्यायचंय. कॉलेजात प्रत्येक मुलामागे एक मेंटॉर आहे म्हणे, पण भेट म्हणजे वहीत सही, झालं! ऑफिसच्या खिडकीवर विचारलं तर "नोटीस बोर्ड बघ".

नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 क्रेडिट (श्रेयांक) लागतात आणि मिळालेले एबीसी, म्हणजे क्रेडिट साठवायच्या ऑनलाइन खात्यात जमा राहतात, इथवर कळलं. पण मेजर बदलल्यावर गणिताचे क्रेडिट मायनरमध्ये, म्हणजे दुय्यम विषयात, धरतात का? हे लेखी कोण देतं, प्राचार्य की विद्यापीठ? मुंबईला हेलपाटा घालण्याआधी विद्यापीठाच्या रत्नागिरी उपपरिसरात काम होईल का? महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती केटीमुळे अडकते का, तेही सांगा.

पोरगी हल्ली जेवतानाही गप्प असते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर दिलाय, तिथे मराठीत बोलता येतं. तरी समोर बसून ऐकणारं कोणी समुपदेशक रत्नागिरीत माहीत असेल तर सुचवा. "होईल सगळं नीट" एवढंच लिहायचं असेल तर राहू दे, कोणी स्वतः हे निस्तरलं असेल त्यांनी कृपया सांगा.