वैयक्तिक फेसबुक खात्यावरही कंपनीचे बंधन: परिपत्रकावर सही करावी का?

प्रश्न (कुर्लेकर)
मी अंधेरीतील एका खाजगी कंपनीत आठ वर्षे लेखा विभागात काम करते. जुलैमध्ये ज्या दिवशी कुर्ला आणि शीव दरम्यान रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडल्या, त्या दिवशी कार्यालयाने सुट्टी न दिल्यामुळे मी फेसबुकवर एवढेच लिहिले होते की, ‘सकाळीच घरून काम करा असे सांगितले असते, तर आमच्यापैकी कोणाला रुळांवरून चालावे लागले नसते.’ कंपनीचे नाव घेतले नव्हते. दोन दिवसांनी मला केबिनमध्ये बोलावण्यात आले, तेव्हा टेबलावर त्या मजकुराची छापील प्रत होती आणि ‘रुळांवरून’ या शब्दाखाली पेनाने दोन रेघा ओढलेल्या होत्या. आता सर्वांना एक परिपत्रक आले आहे: ‘कंपनीची प्रतिमा मलिन होईल असा कोणताही मजकूर वैयक्तिक खात्यावरही टाकू नये.’ शुक्रवारपर्यंत सही करायची आहे. संविधानाने दिलेले अभिव्यक्तिस्वातंत्र्य येथे लागू होत नाही का?

उत्तर (माजी युनियन प्रतिनिधी)
ताई, अनुच्छेद 19 मधील हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध मागता येतो. खाजगी नोकरीत पहिला प्रश्न नियुक्तिपत्राचा आणि सेवाशर्तींचा असतो. 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरील मजकुरासाठी अटक झाली आणि पुढे 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 अ रद्द केले, म्हणून आता काहीही लिहिले तरी चालते, असे अनेकांना वाटते. तो निकाल फौजदारी कायद्याबद्दल होता; नोकरीतील शिस्तभंगाच्या कारवाईला तो आडवा येत नाही. वेतनकराराचा वाद चालू असताना फेसबुकवर कंपनीविरुद्ध चिथावणीखोर मजकूर टाकणाऱ्या कामगाराच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला, हेही ध्यानात ठेवा.

तरीही तुमचा मजकूर आणि चिथावणी यांत मोठे अंतर आहे. ज्यात शिवी नाही, गोपनीय माहिती नाही, केवळ जिवाच्या सुरक्षेची रास्त तक्रार आहे, त्याला गैरवर्तन ठरवायचे असेल, तर आधी आरोपपत्र देऊन निःपक्ष खातेनिहाय चौकशी व्हायला हवी. सहीखाली ‘प्रत मिळाली’ असे लिहा, तारीख घाला आणि ‘प्रतिमा मलिन होणे’ म्हणजे नेमके काय, हे ईमेलने विचारा. तोंडी काही मान्य करू नका.

उत्तर (मंत्रालयातील एक कर्मचारी)
आमच्यावरील बंधने अधिक कडक आहेत. 28 जुलै 2025 च्या शासन निर्णयाने वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवण्यास सांगितले असून शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करण्यास मनाई आहे. मात्र सरकारी नोकर भाषणस्वातंत्र्याला मुकत नाही, असे त्रिपुरा उच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये स्पष्ट केले आहे.

कुर्लेकर
दोघांचीही आभारी आहे. ‘प्रत मिळाली’ असे लिहून आज सही केली आणि ईमेलमध्ये आणखी एक प्रश्न विचारला: मुसळधार पावसात कार्यालयात येण्याबाबत तक्रार करायची असल्यास ती कोणाकडे करावी? पोच आली आहे. उत्तराची वाट पाहत आहे. तो मजकूर मी काढलेला नाही.