यशवंत नाव: आजोबांचं की नातवाचं?

मुलाचं नाव यशवंत ठेवावं का म्हटलं की 'यशवंत म्हणजे आजोबांचं नाव, पोराला चिडवतील' असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. आमच्या कराडकडं यशवंतराव चव्हाणांमुळं घरटी एक यशवंत होता म्हणा ना! पण खुद्द त्यांचं नाव कसं पडलं? १९१३ साली देवराष्ट्रे गावात त्यांची आई बाळंतपणात अडली, तेव्हा आजीनं तिथल्या सागरोबा देवाला साकडं घातलं, 'यश दे, तुझी आठवण म्हणून मुलाचं नाव यशवंत ठेवीन.' म्हणजे ते नवसाचं नाव.

माझ्या भाच्याचंही हेच ठेवलं, घरी 'यश'. वर्गात तीन यश निघाले, तर बाईंनी याला पूर्ण नावानं हाक मारायला सुरुवात केली. आता नुसतं यश म्हटलं की गडी ओ देत नाही. वसंत या नावाचं मात्र आता अवघड आहे, वसंतदादा पाटलांच्या सांगलीतसुद्धा.