वेगळा करून दिलेला कचरा पुढे एकत्रच होणार असेल तर आपण का वेगळा करायचा?

चौथा मजला

गेली सहा वर्षं आमच्या घरी ओला वेगळा, सुका वेगळा. डबे मी आणले, आईला आणि पोरांना सांगून सांगून सवय मीच लावली. परवा सकाळी लवकर निघालो होतो तर गेटबाहेर कचऱ्याची गाडी उभी, आणि आमच्या सोसायटीचा हिरवा ड्रम न् निळा ड्रम माझ्या डोळ्यांदेखत एकाच हौद्यात उपडे झाले. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, साहेब दुसरी गाडी बंद पडलीय, मी तरी काय करू. खोटं बोलत नव्हता तो. पण सहा वर्षं धुवून, वाळवून ठेवलेल्या दुधाच्या पिशव्या आठवल्या आणि पोटात कालवलं.

2016 च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करून द्यायचे हे आपल्यावर आलं, बरोबर. पण वेगळा दिलेला वेगळाच न्यायचा हे पण त्याच नियमांत होतं की. इंदूर 2017 पासून स्वच्छ शहरांच्या यादीत वरती आहे, तिथे घंटागाडीलाच वेगवेगळे कप्पे आहेत, म्हणजे आधी सोय झाली मग लोकांना शिस्त लागली. आपल्याकडे उलटं चाललंय. माझं म्हणणं सरळ आहे, जोवर गाडी दोन कप्प्यांची येत नाही तोवर माझ्या घरात एकच डबा. चुकत असेन तर सांगा.

सायकलस्वार

अजिबात चुकत नाही. मी तर म्हणतो कचराच कशाला, सगळीकडे हेच आहे. 2018 ला राज्यात प्लास्टिकबंदी आली, पहिल्या वेळी पाच हजार दंड, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस आणि वर तीन महिने कैद. सुरुवातीला लोक घाबरले, कापडी पिशव्या निघाल्या, मग हळूहळू परत सुरू. मंडईत दंडाची पावती फाटली की ती कोथिंबीरवालीची, पिशव्या बनवणारा कारखाना कुठे आहे ते कुणी विचारत नाही. मुळा-मुठेत घाण पाणी सोडून नदीची गटार झाली ती काय माझ्या घरच्या सांडपाण्याच्या पाइपने ठरवून केली का? माणसाने एसी 26 वर ठेवायचा, बादलीत अंघोळ करायची, आणि टेकडी फोडणाऱ्याला परवानगी मिळत राहायची. सामान्य माणसाला अपराधी वाटायला लावलं की मोठ्यांचं सुटतं, मला याची मनापासून चीड आहे.

दोन बादल्या

सायकलस्वार, कारखान्याचं आणि नदीचं तुमचं शंभर टक्के पटतं, पण त्यावरून घरात एकच डबा ठेवायचा हे कसं निघालं ते मला कळलं नाही. गाडीत पडायच्या आधी तुमचा कचरा कुणाच्या तरी हातात जातो हे दोघंही विसरताय.

मी पुण्यात राहते. इथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 पासून आहे आणि तिच्यातूनच पुढे त्यांची स्वतःची सहकारी संस्था झाली, 'स्वच्छ' नावाची. दारोदार कचरा त्याच बायका गोळा करतात. सुका विकून जे येतं ती त्यांची कमाई, म्हणजे तुम्ही भाजीच्या पाण्यात भिजलेला पुठ्ठा दिलात की तेवढे पैसे त्यांचे गेले, कारण ओल्या पुठ्ठ्याला भंगारवाला भाव देत नाही. मी एकदा आमच्या भागातल्या कचरा निवडायच्या शेडमध्ये तासभर बसले होते. एक मावशी काळी पिशवी सोडत होत्या, वर आमटीचा भात, खाली डायपर, आणि डायपरच्या खाली फुटलेली काचेची बाटली. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी जुना कापल्याचा पांढरा वण होता आणि त्याच्या शेजारी नवा, अजून लाल. हातमोजे का नाही घालत विचारलं तर म्हणाल्या, "मोजा घातला की पातळ पिशवी कोणती न् जाड कोणती ते बोटाला कळत नाही गं."

त्या दिवसापासून मी सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर ओळखू यावं म्हणून लाल ठिपका काढते आणि फुटलेली काच वेगळ्या खोक्यात देते. पुढे गाडीत काय होतं ते नंतरचं झालं. तो अंगठा गाडीच्या आधी येतो.

सायकलस्वार

ताई, हे वाचून गप्प झालो खरं. पण तरी विचारतो, त्या मावशींना कचऱ्यात हात घालावा लागतो हीच मुळात चुकीची गोष्ट नाही का? मी दोन डबे ठेवून ती व्यवस्था आणखी दहा वर्षं चालवत नाहीये का?

दोन बादल्या

चुकीचीच आहे. मशीन आणा, नीट पगार द्या, मोर्चा काढा, मी येते तुमच्याबरोबर. पण उद्या सकाळी साडेसातला त्या येणारच आहेत आणि तुमची काच आज रात्रीच डब्यात पडणार आहे.

स्वयंपाकघरातून

सगळं वाचलं. एक कुणी बोललंच नाही. चौथा मजला, तुम्ही लिहिलंत आईला सवय लावली. आमच्याकडेही ह्यांनी उत्साहाने कंपोस्टची बास्केट आणली, कोकोपीट आणलं, फोटो काढून झाले. तिसऱ्या आठवड्यात चिलटं झाली, वास यायला लागला, तेव्हा ती उकरून वाळका पाला घालायला कोण होतं? मीच. मी नोकरी करते, साडेआठची लोकल पकडते. हिरवं जगणं म्हणजे बहुतेक घरांत बाईच्या कामांच्या यादीत आणखी चार कामं. दुधाची पिशवी धुवायची कुणी, वाळत टाकायची कुणी, कामवाल्या ताईंना कोणता डबा कुठला ते रोज सांगायचं कुणी? मला पर्यावरणाचं प्रेम नाही असं नाही हो, गच्चीतल्या जास्वंदीला माझ्याच बास्केटचं खत असतं. पण डबे ज्याने आणले त्यानेच ते रिकामे पण करावेत.

काळी माती

@स्वयंपाकघरातून, अगदी मनातलं. आमच्याकडे आता बास्केट नवऱ्याकडे, पूर्णपणे. वास येत असेल तर ओलं जास्त होतंय, सुका पाला किंवा लाकडाचा भुसा वाढवा आणि दोन दिवसांनी खालीवर करा, चार चमचे आंबट ताक पण चालतं. अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या काम करतायत. आणि दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून पूर्ण वेगळा करू नका, नुसती चीर द्या. तो एवढासा तिकोनी तुकडा ओल्यात जातो आणि मग कुणालाच सापडत नाही, खत चाळताना मला आमच्याच घरचे सतरा मिळाले होते.

डेपोपलीकडची

एकच डबा ठेवणार म्हणणाऱ्यांसाठी लिहितेय. माझं माहेर कचरा डेपोला लागून आहे, गावाचं नाव नाही घालत. लहानपणी विहिरीचं पाणी प्यायचो, नंतर त्याला चहासारखा रंग आला, मग टँकर. पावसाळ्यात जेवायला बसलं की एका हाताने ताटावर पेपर धरायचा, माश्यांसाठी. माझ्या चुलत भावाला मुलगी बघायला गेले तेव्हा तिकडच्यांनी गावाचं नाव ऐकून पुढची बोलणीच केली नाहीत.

ओला कचरा ढिगात दाबला गेला की आत हवा नसते, तिथे तो सडून मिथेन होतो आणि मग पेटतो. सुकाही त्या आगीत जळतो आणि प्लास्टिकचा विषारी धूर होतो, पण मिथेन आणि काळं पाणी होतं ते मुख्यतः ओल्याचं. देवनारच्या डेपोत 2016 च्या जानेवारीत पेटला तेव्हा मुंबईवर कित्येक दिवस धूर होता. 2017 ला एप्रिलमध्ये पुण्याच्या उरुळी देवाची-फुरसुंगी डेपोला आग लागली, लोकांनी गाड्या अडवल्या आणि पुण्यात तीन आठवडे कचरा साठला, तेव्हा शहरातले लोक म्हणत होते गावकऱ्यांनी वेठीला धरलंय. आम्ही वेठीला धरलं? तुमच्या भाताचं, सालींचं काळं पाणी आमच्या विहिरीत झिरपतंय आणि वेठीला आम्ही धरलं. गाडी एकत्र नेते ना, मग ओला गाडीत टाकूच नका. सोसायटीत जिरवा.

वेंगुर्ल्याचा जावई

हेच लिहायला आलो होतो. सासुरवाडीला गेलो की मी मुद्दाम तिथला कचरा डेपो बघून येतो, रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना त्याचं रूप पालटलं, लोक बघायला येतात. ओल्याचा गॅस, प्लास्टिक बारीक करून डांबरी रस्त्यात. पण तिथे नगरपरिषद आणि लोक दोघं एकदम हलले, आधी तू की आधी मी करत बसले नाहीत. लहान गाव आहे, सगळे ओळखीचे, हे मान्य. लाखांच्या शहरात ते जसंच्या तसं होणार नाही. शहरात माझ्या मते दंडच हवा, एकत्र कचरा दिला की उचलायचाच नाही, चार दिवसांत लोक सुधारतात.

स्वयंपाकघरातून

आणि ते चार दिवस कचरा कुणाच्या घरात सडणार हे पण लिहा की.

चौथा मजला

सगळ्यांचं दोनदा वाचलं. डेपोपलीकडची, तुमच्यापुढे काय बोलू. ताटावर पेपर धरायचा हे डोक्यातून जात नाहीये.

गाडीबद्दलचा राग गेलेला नाही आणि जाऊ पण देणार नाही, आज लेखी तक्रार दिली आहे, फोटोसकट. पण एकच डबा हे मागे घेतो. आमची सोसायटी 48 घरांची आहे, मागच्या बाजूला पार्किंगशेजारी पंधरा बाय दहाची जागा रिकामी पडून आहे, तिथे ओल्यासाठी विटांचे दोन हौद बांधता येतील असं वाटतंय. येत्या रविवारी मीटिंगमध्ये मांडतो. तळमजल्यावरचे दोघं वासाच्या भीतीने विरोध करणार हे आत्ताच दिसतंय. आणि हो, घरातली बादली आजपासून खाली नेणार मी, बायकोला काल तसं सांगितलं, ती फक्त "बघू" म्हणाली.

काळी माती, 48 घरांना भुसा साधारण किती लागेल आणि तो आणायचा कुठून?

काळी माती

वखारीत मिळतो, पोत्यावर. सागवानाचा नको, साधा आणा. आधी दहा घरांवर सुरू करा, रोज ओला किती किलो निघतो ते आठवडाभर वजन करून लिहून ठेवा, मग हिशोब करू. आणि तळमजल्यावरच्या दोघांना मीटिंगच्या आधी माझ्याकडे घेऊन या, बास्केटचं झाकण उघडून वास घेऊ देत.