स्लाइडचा रोल धुवायला पाठवताना लॅबला काय लिहून द्यावे?

प्रश्न

गेल्या पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर एक्टाक्रोम ई १०० या स्लाइड फिल्मचे दोन रोल काढले असून ते कुरियरने परगावच्या लॅबकडे पाठवायचे आहेत. मागे एकदा स्लाइडचा रोल जवळच्या एका दुकानात दिला होता, तो त्यांनी नेहमीच्या कलर निगेटिव्हच्या यंत्रातून काढला. पाकिटातून स्लाइडऐवजी निगेटिव्ह निघाली आणि तिच्यावरून केलेल्या प्रिंटमध्ये आईच्या चेहऱ्यावर हिरवी झाक आली. तो फोटो पुन्हा काढता येण्यासारखा नव्हता, म्हणून या वेळी चूक होऊ द्यायची नाही. शिवाय वडिलांच्या कपाटात कोडाक्रोम ६४ या जुन्या स्लाइड फिल्मचा एक वापरलेला रोल सापडला आहे. तोही सोबत पाठवावा का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

रोलच्या डबीवरच ‘ई-६’ (स्लाइड फिल्म धुण्याची प्रक्रिया) असे छापलेले असते, तरीही पाकिटावर आणि आतल्या चिठ्ठीवर ‘स्लाइड फिल्म, फक्त ई-६’ असे ठळक लिहावे. ई-६ मध्ये पहिला डेव्हलपर (प्रतिमा उमटवणारे द्रावण) प्रकाश पडलेल्या चांदीची कृष्णधवल निगेटिव्ह प्रतिमा तयार करतो, आणि त्यानंतर उरलेल्या चांदीवर रिव्हर्सल होऊन कलर डेव्हलपरमध्ये रंग उमटतात, म्हणून शेवटी हाती सुलट चित्र येते. निगेटिव्हच्या सी-४१ प्रक्रियेत कलर डेव्हलपर थेट पहिल्याच प्रतिमेवर रंग चढवतो. आपल्या रोलचे तेच झाले, आणि ते मागे फिरवता येत नाही. पहिला डेव्हलपर साधारण ३८ अंश सेल्सिअसला चालतो व स्लाइडचा उजळपणा मुख्यतः त्याच्या वेळेवर ठरतो. त्यामुळे एखादा रोल १०० ऐवजी २०० आयएसओ (फिल्मची संवेदनशीलता) धरून काढला असेल, तर ‘एक स्टॉप पुश’ (म्हणजे पहिल्या डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवा) हे त्या डबीवर चिकटपट्टी लावून लिहावे. नुसत्या पत्रात लिहिल्यास दोन रोलांची अदलाबदल होऊ शकते.

दुसरा प्रतिसाद

परत येण्याच्या बाजूचेही पाहावे. स्लाइडमध्ये दोन फ्रेममधली पट्टी काळी असते, त्यामुळे रात्रीचे किंवा दाट धुक्यातले काळसर फोटो असतील तर फ्रेम कुठे संपते हे कापणाऱ्याला दिसत नाही आणि कात्री चित्रातून जाते. मी प्रत्येक रोलची पहिली फ्रेम भर उन्हात कागदावर ठळक लिहिलेल्या माझ्या नावपत्त्याची काढतो: कापणाऱ्याला पहिली कड स्पष्ट सापडते, आणि लॅबमध्ये पाकीट व रोल वेगळे झाले तरी रोल कोणाचा ते रोलच सांगतो. आपले रोल काढून झाले आहेत, म्हणून ‘कापू नये, माउंट करू नये’ (म्हणजे चौकटीत बसवू नये) असे लिहून पट्टी अखंड मागवावी आणि लाइट टेबलवर पाहून स्वतः कापावी. ज्या फ्रेम प्रोजेक्टरवर दाखवायच्या असतील तेवढ्याच ५० गुणिले ५० मिलिमीटरच्या माउंटमध्ये घालाव्यात. साठवायला पीव्हीसीचे पाकीट वापरू नये.

तिसरा प्रतिसाद

कोडाक्रोम त्या पाकिटात मुळीच घालू नये. त्याची के-१४ ही प्रक्रिया वेगळी होती; त्या फिल्ममध्ये रंग घडवणारे घटक नसतात, ते धुताना द्रावणातून द्यावे लागत. हे काम करणारी शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्ससमधील पार्सन्स गावी होती आणि तिने २०१० च्या अखेरीस रोल घेणे थांबवले. आता त्यातून कृष्णधवल चित्रच निघू शकते. फिल्मच्या पाठीवर काळा थर असतो, तो सुटून इतरांच्या रोलांवर बसतो, म्हणून हे काम हाताने करणाऱ्या माणसालाच आधी विचारून रोल द्यावा. वडिलांनी त्यात काय टिपले आहे हे कळण्यासाठी तेवढे करणे मला योग्य वाटते.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. दुसरा रोल मी २०० धरूनच काढला होता आणि ते लिहिण्याचे मनातही आले नव्हते. आता दोन्ही डब्यांवर चिकटपट्टी लावली आहे. कोडाक्रोम वेगळा ठेवला आहे. तो कृष्णधवल धुणाऱ्यांपैकी कोणी पुण्यात वा मुंबईत असल्यास कृपया कळवावे.